एकाच पाण्याचा हिशेब एकाच वहीत मांडा

प्रति,
मा. जलसंपदामंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय : कोल्हापूर जिल्ह्यातील धरणे, त्यांवरची वीज आणि पाटगावचा प्रस्तावित उदंचन प्रकल्प



हे पत्र कसबा बावड्यातून लिहितो आहे. पावसाळ्यात आमच्या राजाराम बंधाऱ्याचे नाव रोज बातम्यांत येते, कारण पंचगंगेची पातळी तिथे मोजतात. ३९ फुटांना इशारा, ४३ फुटांना धोका, हे आकडे इथल्या शाळकरी पोरांनाही पाठ आहेत. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेले आणि जुलै २०२१ मध्ये ५६ फुटांच्याही वर. याच बावड्यातल्या लक्ष्मी-विलास राजवाड्यात २६ जून १८७४ रोजी शाहू महाराजांचा जन्म झाला. त्यांनी फेजिवडे गावाजवळ भोगावतीवर बांधायला घेतलेल्या राधानगरी धरणाचे पाणी आज याच बंधाऱ्यावरून पुढे जाते. त्यामुळे धरणातून पाणी कधी, किती आणि कोणासाठी सुटते, हा प्रश्न आम्हाला उंबऱ्याशी येऊन भेटतो.

आमच्या जिल्ह्यातल्या धरणांच्या पाण्यापासून तीन कामे होतात. ते शेताला जाते, त्यावर वीज तयार होते आणि अतिवृष्टीत तेच पूर म्हणून घरात शिरते. सरकारदरबारी मात्र या तीन गोष्टी तीन टेबलांवर असतात. सिंचन पाटबंधारे विभागाकडे, वीज महानिर्मितीकडे किंवा एखाद्या खासगी कंपनीकडे, आणि पूर जिल्हाधिकारी कार्यालयातल्या आपत्ती व्यवस्थापन कक्षाकडे. आता पाटगावच्या निमित्ताने चौथे टेबल मांडले जाते आहे. म्हणून लिहावेसे वाटले.

पाण्यापासून वीज कशी होते, हे आपणास सांगायला नको. हे पत्र भुदरगड-कागलमधले शेतकरीही वाचतील, म्हणून त्यांच्यासाठी थोडे लिहितो. साठलेले पाणी पोलादी नळातून खाली सोडायचे, त्याच्या दाबाने टर्बाइनचे चाक फिरवायचे आणि त्या चाकाला जोडलेल्या जनित्रातून वीज घ्यायची. यात पाणी जळत नाही, आटत नाही. जेवढे आत गेले तेवढेच बाहेर येते. वीज किती मिळणार, हे दोन गोष्टी ठरवतात : पाणी किती आणि ते किती उंचीवरून पडते. ३० मीटर उंचीवरून पाणी सोडले, तर एक युनिट वीज मिळवायला साडेतेरा हजार लिटरच्या आसपास पाणी लागते. तेच पाणी पावणेपाचशे मीटरवरून पडले, तर साधारण साडेआठशे ते नऊशे लिटरमध्ये एक युनिट निघते.

या एका हिशेबात सह्याद्रीतल्या जलविद्युतेचा सगळा इतिहास आहे. घाटाच्या पूर्वेला धरण बांधून पाणी धरणाच्या पायथ्याशीच सोडले तर उंची थोडी मिळते, म्हणून वीज थोडी. पण पाणी आपल्याच नदीत राहते. तेच पाणी बोगद्यातून पश्चिमेला, कोकणात पाडले तर उंची भरपूर आणि वीजही भरपूर; पण ते पाणी पूर्वेच्या शेतकऱ्याला कायमचे पारखे होते. टाटांनी खोपोली (१९१५), भिवपुरी आणि भिरा इथे हाच दुसरा मार्ग धरला आणि मुंबईच्या गिरण्या चालवल्या. कोयनेने तोच मार्ग कितीतरी मोठ्या प्रमाणावर नेला. कोयनेची एकूण क्षमता १,९६० मेगावॅट आहे. राधानगरीचे जुने वीजघर ४.८ मेगावॅटचे, काळम्मावाडीच्या दूधगंगा धरणाखालचे २४ मेगावॅटचे आणि वारणेचे १६ मेगावॅटचे. हा फरक उंचीचा आहे, आणि पाणी कोणत्या दिशेला गेले याचाही.

पायथ्याच्या वीजघरांबद्दल माझी काहीही तक्रार नाही. उलट मनापासून समाधान आहे. रब्बीत आणि उन्हाळ्यात शेतीचे आवर्तन सोडायचेच असते. ते पाणी टर्बाइनमधून गेले तर वीज जवळजवळ वरकड मिळते. कोळसा जळत नाही, राख उडत नाही. औष्णिक संच बंद पडला तर पुन्हा सुरू व्हायला कित्येक तास लागतात, पाण्याचा संच काही मिनिटांत पूर्ण भाराला येतो. संध्याकाळी सात वाजता राज्यभर दिवे, पंखे आणि शेगड्या एकदम सुरू होतात, तेव्हा ग्रीड सांभाळायला कोयना धावून येते. सौरऊर्जा वाढेल तशी पाण्याच्या विजेची ही चपळाई अधिक मोलाची ठरणार आहे, कारण मावळतीनंतर सौर पॅनेल गप्प बसतात. शेतकऱ्याला दिवसा वीज द्यायचे धोरण आपल्या सरकारनेच आणले आहे. दिवसाची सौरवीज आणि संध्याकाळची जलवीज ही जोडी महाराष्ट्राला हवीच आहे.

तरीही पायथ्याच्या वीजघरातही एक ओढाताण असते, आणि तिच्याबद्दल कोणी उघडपणे बोलत नाही. धरण जितके भरलेले तितकी उंची जास्त, म्हणजे त्याच पाण्यात वीज जास्त. वीज विकणाऱ्याला धरण तुडुंब हवे असते. शेतकऱ्यालाही ऑक्टोबरअखेर ते तुडुंबच हवे असते. पुराच्या तोंडावर बसलेल्या आम्हाला मात्र जुलै-ऑगस्टमध्ये धरणात थोडी मोकळी जागा हवी असते. तिघांचेही म्हणणे खरे आहे. म्हणूनच मधला मार्ग ठरवणारी जलाशय परिचालन सूची, जिला आपले अधिकारी आरओएस म्हणतात, आमच्या दृष्टीने इतकी महत्त्वाची आहे.

राधानगरीचे उदाहरण घेऊ. धरणाची साठवण ८.३६ टीएमसी. त्याला सात स्वयंचलित दरवाजे आहेत. पाणी ठरलेल्या पातळीला पोचले की ते आपोआप उघडतात आणि पातळी उतरली की आपोआप मिटतात. त्या काळच्या अभियंत्यांचे हे काम पाहून आजही मान लवते. एकेका दरवाज्यातून सुमारे १,४०० क्युसेक पाणी पडते. सातही उघडले आणि वीजघरातले जोडीला धरले, तर साडेअकरा हजार क्युसेकच्या आसपास विसर्ग होतो, म्हणजे दिवसाला जवळजवळ एक टीएमसी. दरवाजे स्वयंचलित असल्यामुळे त्या टप्प्याला माणसाच्या हातात काही उरत नाही. माणसाने निर्णय घ्यायचा असतो तो त्याआधी.

आणि त्याआधी पाणी सोडायचा नेहमीचा मार्ग म्हणजे वीजघर. वीजघरातून साधारण दीड हजार क्युसेक सुटते. दिवसरात्र सोडले तरी दिवसाला ०.१३ टीएमसी. म्हणजे धरणात एक टीएमसीची जागा करायची झाली, आणि वरून येणारे पाणी क्षणभर बाजूला ठेवले, तरी जवळजवळ आठ दिवस लागतात. पाऊस कोसळू लागल्यावर "आता धरण रिकामे करा" असा आरडाओरडा होतो, तेव्हा या आठ दिवसांचा विचार कोणी केलेला नसतो. जागा करायची तर ती जुलैच्या सुरुवातीलाच, हवामानाच्या अंदाजावर नजर ठेवून, वीजघर अखंड चालवून करावी लागते. त्यात वीजही तयार होते. पूरनियंत्रण आणि वीज इथे एकमेकांच्या मदतीला येऊ शकतात. फक्त निर्णय वेळेवर व्हायला हवा आणि तो कोणत्या नियमाने झाला हे लोकांना कळायला हवे.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. २०१९ आणि २०२१ चे पूर एकट्या राधानगरीने आणले, असे मी म्हणत नाही. भोगावतीला तुळशी, कुंभी आणि कासारी येऊन मिळतात आणि प्रयाग चिखलीपासून पंचगंगा सुरू होते. धरणांच्या खाली पडणारा पाऊस कोणत्याच दरवाज्याने अडत नाही. पूररेषेच्या आत बांधकामे झाली, भराव टाकून रस्ते उंच केले, ओढे-नाले बुजवले. पुढे कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाची फूग (मागे साचणारे पाणी) आहे की नाही, यावर वर्षानुवर्षे वाद चालू आहे. पुराची कारणे तपासणाऱ्या वडनेरे समितीने २०१९ च्या पुराचे खापर अलमट्टीवर फोडले नाही, तरी इथल्या लोकांचे समाधान झालेले नाही. तिकडे धरणाची पातळी ५१९.६० मीटरवरून ५२४.२५६ मीटरवर न्यायची कर्नाटकची तयारी आहे. अलमट्टीवर २९० मेगावॅटचे वीजघर आहे, म्हणजे उंची वाढली की तिथेही विजेचा फायदा वाढणार. या प्रश्नावर महाराष्ट्राने ठाम राहावेच. पण कर्नाटकाकडे बोट दाखवायचे आणि आपल्या धरणांची परिचालन सूची मात्र फायलीत ठेवायची, हे शोभत नाही.

त्या पुरांत बावड्यात आणि कोल्हापूर शहरात जे झाले ते आम्ही विसरू शकत नाही. उपसा केंद्रे पाण्याखाली गेली, वीज उपकेंद्रांत पाणी शिरले आणि चहूकडे पाणीच पाणी असताना नळ कोरडे पडले. टँकरपुढे कळशा घेऊन रांगा लागल्या. शिरोलीजवळ महामार्ग बंद झाला आणि शहराचा बाहेरच्या जगाशी संबंध तुटला. चिखली-आंबेवाडीच्या लोकांनी जनावरे सोडून घरे सोडली. ज्या कोल्हापुराच्या डोक्यावर इतकी धरणे आणि इतकी वीजघरे आहेत, त्या शहराला त्या दिवसांत ना दिव्याला वीज होती, ना प्यायला पाणी.

उन्हाळ्यात याच्या नेमके उलट होते. दोन आवर्तनांच्या मध्ये वीजघर बंद असते, नदीतला प्रवाह मंदावतो, बंधाऱ्यात बरगे घातलेले असतात आणि साठलेल्या पाण्यात शहराचे सांडपाणी मिसळते. पाण्याला वास येतो, कधी मासे मरून तरंगतात. सांडपाण्याची जबाबदारी जलसंपदा खात्याची नाही, हे मान्य. पण वीजघराचे एखादे छोटे चक्र सतत चालू ठेवून नदीत थोडा प्रवाह राखणे आपल्या हातात आहे.

आता पश्चिमेकडे वळवलेल्या पाण्याकडे येतो. कृष्णा पाणीवाटप लवादाने कोयनेतून पश्चिमेला सोडायच्या पाण्यावर वर्षाला ६७.५ टीएमसीची मर्यादा घातली. या एका आकड्यात राधानगरीसारखी आठ धरणे मावतात. हे पाणी पोफळीला पडते, पुन्हा कोळकेवाडीला पडते आणि वाशिष्ठीतून समुद्राला मिळते. राज्याने या विजेवर साठ वर्षे कारखाने चालवले, घरोघर दिवे लावले, हे कोणी नाकारत नाही. पण त्याच काळात माण, खटाव, जत, आटपाडीचे शेतकरी टँकरची वाट पाहत होते, आणि पुढे त्यांच्यासाठी टेंभू, म्हैसाळ, ताकारी अशा योजना करून पूर्वेकडचेच पाणी वीज खर्चून वर चढवावे लागले. एका बाजूला पाणी खाली सोडून वीज मिळवायची आणि दुसऱ्या बाजूला वीज जाळून पाणी वर उचलायचे, हा हिशेब एका वहीत मांडला असता तर काही निर्णय वेगळे झाले असते, असे माझे ठाम मत आहे. आमच्याच चंदगड तालुक्यातले तिलारीचे पाणी घाटाखाली पाडून वीज तयार होते. मात्र तिथे खाली तिलारीचे दुसरे धरण आहे आणि दोडामार्ग व गोव्याच्या शेतीला त्या पाण्याचा उपयोग होतो. म्हणजे पाणी वळवल्यावर त्याचे पुढे काय होते, हे प्रकल्पागणिक तपासावे लागते. सरसकट हो किंवा सरसकट नाही म्हणून भागत नाही.

धरणाने उठलेल्या माणसांबद्दल मी इथे थोडक्यातच लिहितो, कारण आपल्या खात्याला ते सर्वांत जास्त ठाऊक आहे. टाटांच्या धरणाविरुद्ध मुळशीचा सत्याग्रह १९२१ साली झाला, सेनापती बापट त्यात उतरले. शंभर वर्षे झाली तरी कोयना, वारणा आणि काळम्मावाडीच्या धरणग्रस्तांच्या फायली अजून मिटलेल्या नाहीत. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनानगरला भूकंप झाला, दीडशेहून अधिक माणसे गेली, आणि धरणाच्या जलाशयाचा भूकंपाशी संबंध असतो का, यावर जगभरच्या भूशास्त्रज्ञांचा अभ्यास तिथून जोमाने सुरू झाला. सह्याद्रीत आणखी पाणी साठवायचे, बोगदे खणायचे, तर ही आठवण जवळ ठेवूनच.

आणि नेमके तेच आता पाटगावला व्हायचे आहे. भुदरगड तालुक्यातले पाटगाव, मौनी महाराजांचे, अलीकडे मधाचे गाव म्हणून ओळखले जाणारे. वेदगंगेवरच्या तिथल्या मध्यम प्रकल्पात ३.७२ टीएमसी पाणी साठते. त्याच भागात अदानी समूहाच्या कंपनीचा २,१०० मेगावॅटचा उदंचन जलविद्युत प्रकल्प प्रस्तावित आहे. ही क्षमता अख्ख्या कोयनेपेक्षा जास्त. घाटमाथ्यावर एक जलाशय, खाली सिंधुदुर्गात अंजिवड्याकडे दुसरा. दिवसा स्वस्त सौरवीज घेऊन पाणी वर चढवायचे आणि संध्याकाळी तेच खाली सोडून महाग वीज विकायची. वेदगंगेच्या काठच्या गावांनी याला विरोध केला, मोर्चे काढले.

या प्रकल्पाची कल्पनाच मुळात वाईट आहे, असे मला वाटत नाही. उदंचन हा पाण्याचा डोंगराएवढा बॅटरीसंच आहे. त्यात नवी वीज तयार होत नाही. वर चढवायला १०० युनिटे लागली तर खाली येताना ७५ ते ८० परत मिळतात, बाकीची वाटेत खर्ची पडतात. तरीही तो उपयोगी आहे, कारण दुपारी वाया जाणारी सौरवीज संध्याकाळपर्यंत टिकते. पाणी एकदा भरले की तेच वरखाली फिरते, पुढे फक्त बाष्पीभवनाची आणि झिरपण्याची भरपाई करायची, असेही सांगितले जाते. हे खरे असेल तर शेतकऱ्याने घाबरण्याचे कारण कमी. पण सुरुवातीला भरायचे पाणी कोठून आणि कोणत्या महिन्यात घेणार, दरवर्षीची भरपाई किती, दुष्काळी वर्षी आधी टर्बाइन की आधी उसाचे आवर्तन, आणि घाटातले जंगल किती तुटणार, याची लेखी उत्तरे गावांना मिळालेली नाहीत. लोकांचा विरोध या न मिळालेल्या उत्तरांना आहे.

ही उत्तरे अंदाजाने द्यायची गरज नाही, कारण आपल्याकडे अनुभव आहे. घाटघरचा २५० मेगावॅटचा उदंचन प्रकल्प २००८ पासून आपल्याच खात्याच्या मालकीचा आहे. तिथे वर्षाकाठी किती युनिटे खर्चून किती परत मिळाली, किती दिवस संच बंद राहिले, जलाशयात दरवर्षी किती पाणी नव्याने घालावे लागले, हे सगळे दप्तरात असणारच. ते मराठीत छापून पाटगाव, गारगोटी, कूर, मुरगूड इथल्या लोकांपुढे ठेवा. कोणत्याही कंपनीच्या सादरीकरणापेक्षा शेतकऱ्याचा विश्वास त्या आकड्यांवर बसेल. ते आकडे चांगले निघाले तर विरोध आपोआप मावळेल. वाईट निघाले तर प्रकल्पच थांबवावा लागेल, आणि तो थांबवायला सरकारने कचरू नये.

बाकी माझे मागणे एवढेच आहे. राधानगरी, तुळशी, कुंभी, कासारी, दूधगंगा, वारणा आणि पाटगाव या प्रत्येक धरणाची परिचालन सूची पावसाळ्यापूर्वी, १ जूनच्या आत, प्रत्येक ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावी. रोजच्या पूरबातमीत दरवाज्यांचा विसर्ग जसा देता, तसा वीजघरातून किती पाणी गेले, त्यातून किती युनिटे झाली आणि धरणात पुरासाठी किती जागा शिल्लक आहे, हेही एकाच तक्त्यात द्यावे. ज्या वीजघरांचे काम खासगी कंपन्यांकडे आहे, तिथे पाणी सोडण्याचा शेवटचा शब्द खात्याच्या अभियंत्याचा आहे, हे करारातल्या कलमासह जाहीर करावे. काळम्मावाडीतून आता थेट पाईपलाईनने कोल्हापूरला पिण्याचे पाणी येते, म्हणून त्या धरणाच्या तक्त्यात शहराच्या वाट्याचा वेगळा रकाना हवा. आणि घाटघरची आकडेवारी वेदगंगेच्या काठच्या ग्रामसभांपुढे ठेवून त्यांचे ठराव घेतल्याशिवाय पाटगाव प्रकल्पाची एकही पुढची परवानगी देऊ नये, ही आपणास कळकळीची विनंती.

आपला,
पंचगंगेकाठचा एक रहिवासी
कसबा बावडा, कोल्हापूर